नव्या गावी धावताना
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आम्हां पाचसहा जणांना पहाटे धावताना पाहून आपल्यापैकी अनेकांच्या मनात जो प्रश्न येतो तो आम्हांस ठाऊक आहे. यंत्रमागावर किंवा गोदामात बारा तास उभे राहून अंग शिणले असता आणखी कोस-दोन कोस धावण्याचा हा उपद्व्याप कशासाठी? कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली ती बहुधा याच्याच उत्तरासाठी. उत्तर असे, की आम्ही शर्यती जिंकण्यासाठी धावत नाही; ज्या गावी पोटासाठी आलो ते गाव आपले व्हावे म्हणून धावतो.

आपली बहुतेक कुटुंबे घाटावरून येथे आली. भिवंडीचे नाव आपल्यापैकी कित्येकांनी प्रथम ऐकले ते १९७० आणि १९८४ च्या दंगलींच्या संदर्भात. त्यामुळे येथे बिऱ्हाड थाटले तरी ‘अमुक नाक्यापलीकडे जाऊ नये’ अशी एक वेस मनात राहिलीच. पुढे १९८८ पासून येथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या आणि १९९२-९३ साली मुंबई होरपळत असता भिवंडी शांत राहिली, ही गोष्ट मात्र आपल्या मुलांना फारसे कोणी सांगत नाही. पहाटे वंजारपट्टी नाक्यावरून जाताना रात्रपाळी आटोपून चहाला थांबलेले कारागीर आणि नमाज पढून परतणारे वृद्ध आम्हांस भेटतात. पहिले कित्येक आठवडे ते नुसतेच पाहात. मग हात उंचावू लागले. आता आमच्यातील एखादा चार दिवस दिसला नाही, तर ‘बीमार है क्या?’ म्हणून विचारपूस होते.

माणसांशी जमले, पण हवेशी जमावयास अधिक काळ लागला. घाटावरचे ऊन कोरडे. तेथे घाम वाळतो आणि वाळता वाळता अंगातील उष्णता घेऊन जातो. येथे खाडी जवळ. हवेतच पाणी भरलेले असल्याने घाम नुसता ओघळतो, अंग निवत नाही. नवखा मनुष्य गावाकडचा वेग धरू पाहतो आणि थोड्याच वेळात भोवळ येऊन खाली बसतो. शरीरास अशा उष्म्याची सवय होण्यास साधारणतः दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर निम्म्या पल्ल्यावर समाधान मानावे. परीक्षा सोपी आहे. धावताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की खुशाल चालावे, त्यात कमीपणा नाही. आमच्या अनुभवाने ऑक्टोबर हा मे महिन्याहून कठीण. पाऊस गेलेला, जमीन ओली आणि वारा पडलेला.

खरा आनंद पावसाळ्याचा. नदी नाक्यापाशी कामवारी ओलांडून शेलार, अनगावच्या बाजूस लागावे, म्हणजे दोन्ही हातांस चिखलणी, आवण आणि लावणी एकापाठोपाठ एक दृष्टीस पडतात. मागाच्या खटखटाटाला सरावलेल्या कानांस त्या वेळी केवढी विश्रांती मिळते, ती सांगून कळावयाची नाही! पण सावध असावे. खड्डा पाण्याखाली असतो आणि कंटेनरवाल्याला आपण दिसत नसतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईच्या परिसरात लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली. उंदरांच्या मुत्रातून हा रोग साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. पायास खरचटले असेल त्या दिवशी अशा पाण्यात उतरू नये, आणि पुढे ताप आल्यास ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी अवश्य घालावी. आणखी एक, सुती बनियन भिजून जड होते आणि काखा सोलवटतात, तेव्हा आधी खोबरेल लावावे. कापडाच्याच गावी कापडाविषयी ही तक्रार करावी लागते, याचे आम्हांस हसू येते.

थंडी सर्वांनाच आवडते, तेव्हा तिच्याविषयी इतकेच, की सायझिंगच्या धुराड्यांतील धूर गार हवेत खालीच दबून राहतो. त्यास धुके समजून छाती भरून घेऊ नये. ऊन चढेपर्यंत थांबावे.

धावणे ही परदेशी चैन आहे, असे आमचे एक ज्येष्ठ म्हणतात. त्यांस आम्ही बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे नाव सांगतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यातूनच १९२० साली भारताचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. तेथील मॅरेथॉन चौगुले यांनी २ तास ५० मिनिटांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मुख्यतः उभे राहिलो ती. आमच्यात एकही भगिनी नाही. १९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर यांना एका अधिकाऱ्याने धावत्या रस्त्यावरून ओढून काढण्याचा यत्न केला होता. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली. आणि माण तालुक्यातील मोहीसारख्या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीची अंतिम फेरी धावली, दहावी आली. आपल्या घरी स्त्रियांस कोणी ओढून काढीत नाही, हे खरे. पण पहाटेच नळाला पाणी येते आणि पहाटेच पहिल्या पाळीचा डबा भरावयाचा असतो; मग लोकलज्जेचे कारण पुढे करण्याची गरजच उरत नाही. ज्या घरी सासूबाईंना मधुमेह आहे आणि सूनबाईंची कंबर धरते, त्या घरच्या पुरुषांनी आठवड्यातून दोन दिवस हंडे भरावे, अशी आमची विनंती आहे. आम्ही आपापल्या घरी हा क्रम मंगळवार-शुक्रवार लावून घेतला आहे.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला वऱ्हाळा तलावाच्या काठी आम्ही जमणार आहोत. लुगडे-चपला चालतील, बूट पाहिजेतच असे नाही. पहिला महिना केवळ चालावयाचे आहे.