दारी आलेली सत्ता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात मानेसर येथे केलेले भाषण)



केंद्र सरकारच्या सेवेत आमचे केस पांढरे झाले. दिल्लीची परिपत्रके खाली पोहोचविण्यात ज्याची हयात गेली, त्यानेच सत्तेच्या विकेंद्रीकरणावर बोलावे, हा विनोदच खरा. परंतु सत्ता सोडताना हात कोठे अडखळतो, हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे.

महाराष्ट्राने एकदा हा हात धीटपणे सैल केला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेला १९६१ चा कायदा १ मे १९६२ रोजी अमलात आला व जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, रस्ते त्यांच्याकडे गेले. जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेबाहेर ठेवण्यात आले. कलेक्टर म्हणजेच सरकार मानणाऱ्या त्या काळात हे सोपे नव्हते.

१९९३ मध्ये ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. पंचायती व नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत मिळाली. मात्र कोणती कामे सोपवावयाची, हे राज्य विधिमंडळांवर सोपविले गेले. 'देता येतील' आणि 'द्यावीत' यांतील अंतर आम्ही मसुदे लिहिणारे पुरते जाणतो.

आपल्या मानेसरचेच पाहा. डिसेंबर २०२० मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली, गावांच्या पंचायती तीत विलीन झाल्या. पहिली निवडणूक झाली २ मार्च २०२५ रोजी. मधल्या चार वर्षांत सरपंच गेलेले आणि नगरसेवक आलेले नाहीत. तिकडे मुंबई महापालिकेची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेला होता. अधिकारी कर्तबगार असेलही. परंतु त्याला पुन्हा आपल्या दारी मत मागावयास यावयाचे नसते. त्याची बदली होते, गटार तेथेच राहते.

आता एक कबुली. त्या २ मार्चला आम्ही मत देऊ शकलो नाही. इतकी वर्षे येथे राहून आमचे नाव गावाकडच्याच मतदारयादीत होते. चार वर्षे रिकाम्या खुर्चीबद्दल कुरकुर केली आणि ती भरण्याच्या दिवशी आम्ही निव्वळ प्रेक्षक! आपल्यापैकी कित्येकांचे असेच झाले असेल.

गावाची ओढ सुटू नये, सुटणारही नाही. परंतु ज्या नळाचे पाणी आपली मुले पितात, त्या नळावर आपले मत हवे. आम्ही आता नाव येथे नोंदविले आहे. आपणही नोंदवावे, एवढीच सुवर्णमहोत्सवी विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र!