अक्षरांची गळती

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या मुलखांत गळती म्हणजे काय हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे, अकोले तालुक्यांत प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचें धरण आहे. तें १९२६ सालीं पुरें झालें, आणि प्रवरेचें पाणी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, नेवासें या बाजूच्या शेतांस कालव्यांनीं मिळूं लागलें. पाट वरच्या अंगास भरून वाहत असतो. तरी शेवटच्या चारीवरचा शेतकरी आपल्या पाळीच्या दिवशीं कोरडा राहतो, असा प्रसंग कधीं कधीं येतो. त्याच्या शेतांत कांहीं दोष नसतो. दोष वर कोठें तरी, दोन-तीन कोसांवर, एखाद्या भरावाच्या भेगेंत असतो. हानि जेथें दिसते तें ठिकाण निराळें, आणि जेथें ती होते तें निराळें.

संगणकांत असाच एक दोष होतो. तेथें पाण्याच्या जागीं अक्षरें असतात. तो दोष शोधण्याची विद्या शिकावयाची असेल, तर आजच्या अवाढव्य यंत्रांपेक्षां चाळीस वर्षांपूर्वींचें लहानसें घरगुती यंत्र अधिक उपयोगी पडतें. कारण त्याचें सारें पोट डोळ्यांनीं पाहतां येतें.

एप्रिल १९८२ मध्यें इंग्लंडांतील केंब्रिज येथील सिंक्लेअर रिसर्च या कंपनीनें स्पेक्ट्रम नांवाचा संगणक विक्रीस काढला. मोठ्या स्पेक्ट्रमची काम करण्याची स्मृति ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ घरांची होती. एका घरांत साधारणपणें एक रोमन अक्षर मावतें. यांपैकीं ६,९१२ घरें पडद्यावरील चित्रासाठींच खर्चीं पडत. पडदा म्हणजे घरचा दूरदर्शन संच, आणि लिहिलेला कार्यक्रम सांठविण्याचें साधन म्हणजे गाण्यांची कॅसेट वाजविणारें यंत्र. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें परवाना घेऊन हेंच यंत्र भारतांत विकलें. त्याच सुमारास, १९८४ सालीं, केंद्र सरकारनें ‘क्लास’ ही योजना काढून सुमारें २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक प्रायोगिक रीतीनें दिले. या देशांतील अनेक मुलांनीं संगणकाचीं कळपट्टी प्रथम पाहिली ती अशा यंत्रांवर.

या यंत्रांस बेसिक नांवाच्या भाषेंत आज्ञा द्यावयाच्या असत. यंत्राच्या अंगीं ती भाषा समजण्याची जी सोय होती, तिचें काम दुभाष्यासारखें होतें. एक ओळ वाचावी, तिचा अर्थ लावावा, ती अंमलांत आणावी आणि पुढच्या ओळीकडे वळावें. तीच ओळ शंभर वेळां आली तर अर्थहि शंभर वेळां लावावयाचा. यांत वेळ फार जातो. म्हणून सबंध लेखन आधींच यंत्रभाषेंत उतरवून ठेवणारा भाषांतरकार लोकांनीं तयार केला; त्यास कंपायलर म्हणतात. स्पेक्ट्रमसाठीं असे कंपायलर त्या काळीं निघाले, आणि आजहि हौशी मंडळी ते लिहीत व सुधारीत आहेत. त्यांपैकीं बोरिएल बेसिक हा आजच्या संगणकावर चालतो, आणि त्यानें केलेलें भाषांतर जुन्या स्पेक्ट्रमवर धांवतें.

भाषांतरकारास आंकडे फारसे छळीत नाहींत. प्रत्येक संख्येची जागा ठरलेली असते. छळतात त्या अक्षरमालिका, ज्यांस संगणकाचे लोक स्ट्रिंग म्हणतात. ‘नगर’ हें नांव लहान, ‘श्रीरामपूर’ मोठें. आणि दोन नांवें जोडलीं कीं तिसरीच लांबी तयार होते. किती जागा लागेल हें आधीं सांगतां येत नाहीं. ती मागावी लागते, आणि काम झाल्यावर परत करावी लागते.

या प्रश्नाचीं उत्तरें निरनिराळ्या यंत्रांनीं निरनिराळीं दिलीं. बीबीसी मायक्रोच्या बेसिकमध्यें एक मालिका २५५ अक्षरांपर्यंत वाढूं शकते. पूर्वींच्या जागेंत ती मावेनाशी झाली कीं यंत्र तिला नवी जागा देतें, आणि जुनी जागा ओसाड पडते. ती पुन्हां लागवडीस येत नाहीं. म्हणून आरंभींच मालिकेस पुरेशी लांब करून मग रिकामी करावी, असा उपाय जाणकार सांगत. कमोडोर ६४ या यंत्रांत ओसाड जागा गोळा करण्याची व्यवस्था होती. परंतु मालिका पुष्कळ झाल्या कीं ती झाडलोट चालू असतां यंत्र कांहीं मिनिटें स्तब्ध बसे. बोरिएल बेसिकमध्यें अक्षरमालिकांसाठीं एक निराळा सांठा राखलेला असतो. वापरणाऱ्यानें कांहीं न सांगितल्यास तो ४,७६८ घरांचा असतो. मालिकेच्या आरंभीं दोन घरांत तिची लांबी लिहिलेली असते, आणि त्यापुढें अक्षरें येतात.

आतां असाच सांठा असलेला, परंतु अद्याप अपुरा असलेला एक कंपायलर उदाहरणासाठीं कल्पावा. एखाद्या विद्यार्थ्यानें जिल्ह्यांतील १४ तालुक्यांचीं नांवें पडद्यावर पुनःपुन्हां दाखविणारा कार्यक्रम लिहिला आहे. पहिलें अकोले, मग संगमनेर, कोपरगांव, राहाता, श्रीरामपूर, नेवासें, शेवगांव, पाथर्डी, नगर, राहुरी, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, आणि शेवटीं जामखेड. रकाने सरळ यावेत म्हणून प्रत्येक नांव रोमन लिपींत, मागें मोकळी जागा सोडून, १६ अक्षरांचें केलें आहे. नांव छापावयाचें असलें कीं सांठ्यांत त्याची प्रत काढावयाची. मग नांवाखालीं रेघ ओढण्यासाठीं पुन्हां एक प्रत काढून तिची लांबी मोजावयाची. १६ अक्षरें, लांबीचीं दोन घरें आणि सांठ्याच्या हिशेबाचीं दोन घरें, मिळून प्रत्येक प्रतीस २० घरें लागतात.

कार्यक्रम सुरू होतो. एक फेरी नीट होते, दहा होतात, सतराहि होतात. अठरावी फेरी सुरू होते आणि अकोले दिसत नाहीं. त्याच्या जागीं कोरी ओळ येते. यंत्र थांबत नाहीं, तक्रार करीत नाहीं. कारण सांठा संपला तरी त्याचा बोभाटा होतोच असें नाहीं. बोरिएल बेसिकमध्यें अशा वेळीं यंत्रास थांबविणारी तपासणी आहे, परंतु ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. न मागितल्यास अक्षरें मुकाट्यानें नाहींशीं होतात.

विद्यार्थी साहजिकच अकोल्यावर संशय घेतो. तो तें नांव यादींतून काढून टाकतो व कार्यक्रम पुन्हां चालवितो. आतां सतराच काय, अठरा फेऱ्या सुरळीत पार पडतात. दोष सांपडला असें त्यास वाटतें. इतक्यांत एकोणिसाव्या फेरींत पांचवें नांव, नेवासें, नाहींसें होतें. कालपर्यंत निर्दोष असलेलें नेवासें आज अपराधी ठरतें. येथें घाईचा मनुष्य दोन दिवस नांवें उलटसुलट करण्यांत घालवितो, आणि शेवटीं यंत्रास भूत लागलें आहे असें म्हणून उठतो.

शांत मनुष्य गणित मांडतो. पहिल्या वेळीं १७ फेऱ्या, प्रत्येकींत १४ नांवें, एकूण २३८. दुसऱ्या वेळीं १८ फेऱ्या, प्रत्येकींत १३ नांवें, म्हणजे २३४. आणि एकोणिसाव्या फेरींतील चार नांवें मिळून पुन्हां २३८. म्हणजे यंत्रास अकोले ठाऊक नाहीं आणि नेवासेंहि ठाऊक नाहीं. २३९वें नांव जें येईल तें बुडणार, मग तें कोणाचेंहि असो. ४,७६८ घरांत २३८ वेळां वीस-वीस घरें गेलीं कीं ४,७६० संपतात आणि आठच उरतात. तेवढ्यांत पुढची प्रत मावत नाहीं. प्रत्येक नांवामागें वीस घरें घेतलीं जातात आणि परत येत नाहींत, हें एवढ्यावरून सिद्ध झालें. आणि वीस हा आंकडा तर एका पुऱ्या प्रतीचा आहे. प्रती दोन निघतात, त्यांतील एकच हरवते.

आतां पाटकऱ्याची रीत उपयोगी पडते. तो सबंध कालवा खणीत बसत नाहीं. वरच्या अंगास पाणी मोजतो, खालीं मोजतो. मध्यें एका जागीं मोजतो. आणि घट ज्या अर्ध्या भागांत आढळेल तेवढाच भाग पुन्हां विभागतो. विद्यार्थ्यानेंहि छापण्यापूर्वीं, छापल्यानंतर आणि लांबी मोजल्यानंतर सांठ्यांतील मोकळीं घरें मोजावीं. छापण्याच्या आधीं व नंतर आंकडा सारखाच येतो. लांबी मोजल्यावर मात्र वीस कमी होतात. मग बाकी सारा कार्यक्रम बाजूस ठेवून, काढलेल्या प्रतीची केवळ लांबी मोजणारी एक ओळ लिहावी आणि ती पुनःपुन्हां चालवावी. तरीहि सांठा घटत असेल, तर दोष विद्यार्थ्याच्या लेखनांत नसून कंपायलरांत आहे. त्यानें तयार केलेली यंत्रभाषा उघडून वाचली असतां कारण समोर येतें. प्रत मागण्याची आज्ञा तेथें आहे, लांबी वाचण्याची आहे, प्रत परत करण्याची नाहीं.

उपाय एका आज्ञेचा. तरी येथेंच दुसरें संकट उभें असतें. लांबी मोजल्यावर मालिका परत करावी असा सरसकट नियम केला, तर ज्या मालिकेस कार्यक्रमांत नांव दिलेलें आहे, जिचा पुढें उपयोग व्हावयाचा आहे, तीहि परत केली जाईल. तिची जागा मग दुसऱ्या मालिकेस मिळेल, आणि एकाच जमिनीच्या सातबाऱ्यावर दोन खातेदार लागल्यासारखें होईल. एकानें पेरलें कीं दुसऱ्याचें पीक बुडेल. हा दोष गळतीहून वाईट होय. कारण गळतींत अक्षरें नाहींशीं होतात, येथें चुकीचीं अक्षरें खरीं म्हणून पुढें येतात. म्हणून कंपायलर लिहिणारानें प्रत्येक मालिकेविषयीं ठरविलें पाहिजे कीं ती तात्पुरती उसनी आहे, कीं तिला धनी आहे. उसनी असेल तर काम होतांच परत करावी. धनी असेल तर तिला हात लावूं नये.

तिसरा दोष मोजणीचा आहे. सिंक्लेअरच्या बेसिकमध्यें पहिल्या अक्षराचा क्रमांक एक असतो. बोरिएल बेसिकमध्यें, कांहीं न सांगितल्यास, तो शून्य असतो; एकापासून मोजावयाचें तर तसें सांगण्याची सोय आहे. रोमन लिपींत ‘नगर’ लिहून एक ते तीन हीं अक्षरें मागितलीं, तर जुना दुभाषा ‘नाग’ देतो आणि नवा भाषांतरकार ‘आगा’ देतो. दोघेहि आपापल्या नियमानें बरोबर आहेत. अपराध तो एका गांवचें माप दुसऱ्या गांवीं न विचारतां लावणाराचा.

हा सारा खटाटोप जुन्या खेळण्यासाठीं कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर ‘श्रीगोंदा’ या एका नांवांत आहे. वाचणारास त्यांत तीन अक्षरें दिसतात: श्री, गों, दा. आजच्या युनिकोड पद्धतींत तें नऊ चिन्हांचें बनतें, कारण हलन्ताचें चिन्ह, वेलांटी, काना, अनुस्वार हीं सारीं निराळीं धरलीं जातात. आणि यूटीएफ-८ या प्रचलित रीतींत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन घरें लागत असल्यामुळें तेंच नांव सत्तावीस घरें व्यापतें. तीन, नऊ आणि सत्तावीस हीं तिन्ही मापें खरीं आहेत. परंतु ज्यानें नांवासाठीं दहाच घरें राखलीं आणि अकराव्या घरापासून कात्री चालविली, त्याच्या हातीं ‘श्र’ एवढेंच राहतें, आणि पुढें वेलांटीचा एक निरर्थक तुकडा. गांवाच्या जागीं मनुष्याचें नांव घालून पाहावें. गुणपत्रिकेवर, शिधापत्रिकेवर किंवा पिकाच्या नुकसानभरपाईच्या यादींत असें तुटलेलें नांव आलें, तर तें आपलें आहे हें सिद्ध करण्याचा भार त्या मनुष्यावर पडतो. यंत्र गप्प असतें. अठराव्या फेरींतल्या अकोल्यासारखा तो निष्कारण संशयास पात्र होतो.

अक्षरें जशींच्या तशीं राखण्याची काळजी या जिल्ह्यास नवी नाहीं. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवासें येथें. पुढें नकला होत गेल्या आणि पाठांत अशुद्धें शिरलीं. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, पैठणच्या एकनाथांनीं पाठ शोधून ग्रंथ शुद्ध केला, आणि कोणीं त्यांत आपल्या पदरची ओवी घालूं नये असें बजाविलें. मधल्या २९४ वर्षांत नकलाकारांच्या हातून जें झालें तें द्वेषानें झालें नाहीं. लिहितांना डोळा चुकला, आणि चुकलेलें पुढच्यानें खरें मानून उतरविलें.

कंपायलर शोधणारा विद्यार्थी आपली दुरुस्ती झाल्यावर ती एका ओळीची कसोटी फेंकून देत नाहीं. ती तो जपून ठेवतो, आणि कंपायलरांत पुढें कोणताहि बदल केला कीं प्रथम ती चालवून पाहतो. हजार फेऱ्या झाल्या आणि मोकळ्या घरांचा आंकडा आरंभीं होता तोच राहिला, म्हणजे तालुक्यांची यादी तो पुन्हां लावतो. अकोले पहिल्या ओळींत आपल्या जागीं असतें.