अंगठ्याच्या मशीनचं कुलूप
(दर्यापूरच्या मासिक सभेतलं बोलणं)

तायांनो, मागच्या आठवड्यात मूर्तिजापूरकडच्या एका गावात बँक सखीकडे बसले होते. लाडक्या बहिणीचे पंधराशे काढायला बाया आल्या होत्या. एका आजीनं मशीनवर अंगठा ठेवता ठेवता विचारलं, "बाई, माह्या अंगठ्याचा ठसा या डबीत राह्यते का वं?" सखी हसली. मला मात्र पटकन उत्तर देता आलं नाही.

ठसा डबीत साठत नाही, आजी. तो तपासायला आधारच्या सर्व्हरकडे जातो. वाटेत त्याला कुलूप कुठं लागतं, हा खरा प्रश्न. एल-झिरो नावाच्या जुन्या मशीनमध्ये हे कुलूप मोबाईलमधल्या सॉफ्टवेअरमध्ये लागायचं. मोबाईलमध्ये कुणी वाईट ॲप घुसवलं, तर कुलूप लागायच्या आधीच ठसा त्याच्या हाती पडायची भीती. एल-वन मशीनमध्ये कुलूप मशीनच्या आतच, सुरक्षित भागात लागतं. मोबाईलला उघडा ठसा दिसतच नाही. म्हणून यूआयडीएआयनं एल-वनची सक्ती केली. जुन्या डबीत तो भागच नाही, त्यामुळे नुसत्या अपडेटनं ती एल-वन होत नाही. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार?

हे उगाच भ्या दाखवणं नाही. जमिनीच्या कागदांवरचे ठसे चोरून सिलिकॉनचे अंगठे बनवले, त्यावर लोकांचे पैसे काढले, असे गुन्हे देशात झाले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूआयडीएआयनं बोट जिवंत आहे का, हे तपासणारी नवी पद्धत आणली.

मशीन एल-वन असलं तरी त्याचं ॲप आणि मोबाईल अपडेट करावाच लागतो. मी स्वतः कितीदा 'नंतर' दाबलंय! अपडेट म्हणजे घराला रंग देणं नाही, फुटलेलं कवेलू बदलणं आहे. फक्त ॲपचं अपडेट प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं आलेली फाईल उघडूच नका.

नव्या मशीनचे दोन-तीन हजार एकट्या सखीनं कमिशनमधून भरायचे, हे मला पटत नाही. अंगठा साऱ्या गावाचा आहे. ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या.

आणि आधारच्या ॲपमधून आपलं बायोमेट्रिक लॉक करता येतं. पैसे काढायच्या वेळी उघडायचं. न काढता पैसे गेल्याचा मेसेज आला, तर लगेच १९३० ला फोन लावा. लॉकसाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला लागतो. आजीचा नाही. बुधवारी तिला घेऊन तालुक्याला चालले आहे. तुमच्या गावातल्या अशा बायांची नावं आज जाण्याआधी माझ्या वहीत लिहून द्या.