कोंडलेल्या बदकांना कामात ठेवा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भातशेतीला जोड म्हणून आपल्यापैकी काही जण बदके पाळतात. लावणी होऊन रोपे मुळे धरली की बदके खाचरात सोडायची. ती तण उपटतात, किडी टिपतात, चोचीने चिखल ढवळतात आणि विष्ठेचे खतही देतात. जपानमधील ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ पासून हीच पद्धत नेटाने राबवली व पुढे ती आशियातील अनेक देशांत गेली. परंतु भात निसवू लागले की हा मित्र शत्रू होतो. दाणा दुधात असतानाच बदके लोंब्या ओरबाडतात. म्हणून निसवण्यापासून कापणीपर्यंत, म्हणजे सुमारे एक महिना, बदके कोंडून ठेवावी लागतात. शेजारी हळवे, निमगरवे आणि गरवे अशी तिन्ही भाते असतील, तर हा काळ आणखी लांबतो.

मी कृषिविद्येचा अध्यापक; माझा जीव भातात. तरी या महिन्याविषयी आज बोलतो, कारण इथेच दोन्हीकडून नुकसान होते. कीव येऊन बदके मोकळी सोडली तर भात जाते. नुसती कोंडून दाणा टाकला तर ती एकमेकांची पिसे उपटतात, दिवसभर कलकलाट करतात आणि अंडीही कमी होतात. खाकी कॅम्पबेल आणि इंडियन रनर या अंड्यांच्या जाती स्वभावानेच भटक्या. दिवसाचा मोठा भाग चोच चालवण्यात घालवणाऱ्या पक्ष्याला दहा मिनिटांत पोटभर खाणे मिळाले, तर उरलेला दिवस त्याने करायचे काय? ‘बदकांची करमणूक’ म्हटले की हसू येते, पण ही गरज खरी आहे.

प्रथम जागा पाहा. रात्रीच्या निवाऱ्यात दर बदकामागे ३ चौरस फूट आणि बाहेरच्या अंगणात १० ते १५ चौरस फूट जागा हवी. यापेक्षा दाटी असेल तर पुढचे उपाय करून फारसा उपयोग नाही. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. जादा नर वेगळे करा. अरुंद जागेत ते माद्यांना छळतात.

आता पाणी. तळे असलेच पाहिजे असे नाही, मात्र बदकाला डोके पूर्ण बुडवता आले पाहिजे. त्याशिवाय नाकपुड्या व डोळे स्वच्छ राहत नाहीत. ५ ते ६ इंच खोल पाणी राहील अशी घमेली किंवा आडवे कापलेले पिंप चालते. एकच मोठे भांडे ठेवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी ठेवा, म्हणजे दांडग्या पक्ष्यांची मक्तेदारी होत नाही. आत चढ-उतार करायला दगड ठेवा. भांड्याखाली खडी पसरून सांडपाण्याचा चर केळीकडे काढा. ते पाणी उत्तम खत आहे आणि अंगणात चिखलही होत नाही. पाण्यात मूठभर भात किंवा गहू टाका. बुड्या मारून दाणे शोधण्यात बदके बराच वेळ रमतात. आईविना वाढवलेली लहान पिल्ले मात्र पाण्यात सोडू नका. ती भिजून गारठतात.

ठरलेल्या खाद्यातील थोडा भाग असाच विखरून द्यावा. कोरडा पेंढा जाड पसरून त्यात कण्या टाकल्या की चोची कामाला लागतात. पेंढा ओला झाला की लगेच बदला. बुरशीमुळे फुप्फुसाचा रोग होतो, आणि बुरशी आलेल्या मक्याचे किंवा शेंगदाणा पेंडीचे विष बदकांना कोंबड्यांपेक्षा फार लवकर बाधते. बांधावरचे गवतासह ढेकूळ उपटून आत टाका. मुळांतील किडे व गांडुळे शोधताना त्याचा पार भुगा होतो. शेवग्याचा पाला किंवा भाजीची जुडी बदकाच्या डोक्याच्या उंचीवर टांगावी. अळूचा कच्चा पाला नको, तो खाजरा असतो. खारवलेली सुकट टाळा, जादा मीठ बदकांना सोसत नाही. फवारणी केलेल्या बांधाचे गवत किंवा विषारी आमिष टाकलेल्या शेतातील गोगलगायी आणू नका. सुतळीचे तुकडे, खिळे, तारा अंगणातून वेचून काढा. चकाकणारी वस्तू बदक गिळून टाकते.

या सर्वांपेक्षा मला वेळापत्रक महत्त्वाचे वाटते. बदक भित्रे आहे. रोज त्याच माणसाने, त्याच वेळी, त्याच हाकेने जावे. बहुतेक अंडी सकाळी ९ च्या आत पडतात, तोवर निवारा उघडू नका. रात्री मंद दिवा ठेवा. अंधारात मुंगसाची चाहूल लागली तरी सगळी एका कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात.

अंडी घटली म्हणजे करमणूकच कमी पडली, असे मात्र समजू नका. भात पिकायच्या सुमारास दिवस लहान होत जातो, काही पक्षी पिसेही टाकतात.

कोंडण्याचे दुसरे कारण बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात तो आला, हे आपल्याला माहीत आहे. बदक वरून ठणठणीत दिसूनही हा विषाणू बाळगू शकते. अशा वेळी अंगणावर जाळी व छप्पर हवे, आणि खाद्य-पाणी रानपक्ष्यांना दिसताही कामा नये. तळ्यातील शेवाळ, पाणवनस्पती किंवा तळ्याचे पाणी आणणे पूर्ण बंद करा, कारण त्याच तळ्यावर रानबदके उतरतात. हिरवा चारा हवा तर घराजवळ झाकलेल्या खड्ड्यात ॲझोला वाढवा. पक्षी अचानक मरू लागले तर मेलेल्याला हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

कापणी होऊन भारे उचलले की बदके खाचरात सोडावीत. पहिल्या दिवशी खाद्य देऊन, तासाभरासाठीच सोडा. महिनाभर कोंडलेला पक्षी सांडलेल्या दाण्यावर तुटून पडतो. शेजारच्या गरव्या भाताच्या बाजूला जाळी लावायला विसरू नका.