सुटा भाग आणि सुटणारी गाडी
(गणेशोत्सवातील भाषण)



कोठीत वाढलेल्या माणसाला बसची ओळख करून द्यायला नको. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन ही सेवा सुरू केली. गाड्या विलायती, अल्बियन बनावटीच्या; सुटा भाग हवा तर बोटीची वाट पाहायची. आज भाग देशातच मिळतो, तरी गाडी त्याच्यावाचून अडते. असे का?

आम्ही भांडारातली माणसे. आमच्याकडे साठा ठरतो एका खोलीत आणि ट्रक ठरतो दुसऱ्या खोलीत. एका आगारात ब्रेक लायनिंगचे रोज ४ संच लागत. ट्रक आठवड्याला येई. म्हणून २८ संच आणि अडीअडचणीला ७, असा ३५चा साठा होता. पुढे डिझेल वाचवायला ट्रक पंधरवड्याने सोडायचे ठरले. ३५चा आकडा मात्र कोणी बदलला नाही. नवव्या दिवशी फळी रिकामी! पहाटेची फेरी रद्द झाली आणि उस्मानिया दवाखान्याला निघालेली माणसे फाट्यावर बसून राहिली. वाचलेल्या डिझेलची नोंद झाली, त्या माणसांच्या खोळंब्याची कुठेच झाली नाही. फळी आमच्याच ताब्यात होती. आम्हीही वेळेवर विचारले नाही.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी धरून आहोत. ट्रकची पाळी बदलली, की त्याच कागदावर साठ्याचा आकडा बदलायचा. रोज लागणारे फिल्टर, पट्टे आगारातच भरपूर ठेवायचे. गिअरबॉक्ससारखा महाग आणि क्वचित लागणारा भाग दहा आगारांत एकेक अडकवण्यापेक्षा मध्यवर्ती कार्यशाळेत तीन-चार ठेवायचे. पण मागणी आल्या दिवशीच तो निघाला पाहिजे, नाहीतर ही काटकसर अंगाशी येते. लहान भागाला तर ट्रकही नको. त्या गावाला जाणारी आपलीच बस आहे. आणि परतीचा ट्रक रिकामा येऊ नये, झिजलेली इंजिने दुरुस्तीला घेऊन यावा.

आपल्या उत्सवात प्रसादाची यादी करणारा आणि सामानाचा टेम्पो आणणारा एकाच सतरंजीवर बसतात, म्हणून आरतीला काही कमी पडत नाही. कचेरीतही एवढेच हवे आहे.

गणपती बाप्पा मोरया!