मावळा आणि जपानी पुतळी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बोम्मसंद्रा येथे दिलेले व्याख्यान)



शहाजीराजांची जहागीर असलेल्या या बंगळूर प्रांती सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी शिवकाल हा विषय आपसूकच सुचतो. मी मात्र आज अशा विषयाची निवड केली आहे, जो आपल्या मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर उभा आहे. ‘ॲनिमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रमालिकांतील पात्रांच्या पुतळ्या, ज्यांना मुले ‘फिगर’ म्हणतात, हा तो विषय होय.

या पुतळ्यांवरून घरोघरी खटके उडतात. वीतभर प्लॅस्टिकसाठी हजारो रुपये कशाला, असे वडील विचारतात. तुम्हांला त्यातले काही कळत नाही, असे मुले म्हणतात आणि बोलणे तेथेच खुंटते. मला चिंता वाटते ती या खुंटलेल्या बोलण्याची. आपली मुले शाळेत इंग्रजी, मित्रांत हिंदी आणि रस्त्यावर कन्नड बोलतात. मराठी उरते ती आपल्याशी होणाऱ्या बोलण्यापुरती. ते बोलणेच वादात संपू लागले, तर घरात मराठीला थारा कोठे मिळणार?

वस्तुतः पुतळ्या जमविण्याचा हा छंद आपणांस परका नाही. दिवाळीत मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडताना, कुंभारवाड्यातून आणलेला कोणता मावळा बुरुजावर आणि कोणता दरवाजावर उभा करावा, यावर आपणही तासन् तास खल केला आहे. सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी रंगविलेली लाकडी खेळणी आपल्यापैकी अनेकांच्या माजघरात होती. ज्या कर्नाटकाने आपणांस आसरा दिला, तेथे नवरात्रात ‘गोंबे हब्बा’ साजरा होतो. पायऱ्या मांडून सर्वांत वर राजाराणीची लाकडी जोडी बसवितात. ही जोडी लेकीला माहेराहून देण्याची चाल आहे. जपानमध्ये 3 मार्चला मुलींसाठी ‘हिनामात्सुरी’ होते. तेथेही लाल वस्त्र अंथरलेल्या पायऱ्यांवर सर्वांत वर सम्राट आणि सम्राज्ञी विराजमान असतात. दोन देशांत एवढे अंतर असूनही मांडणी एकच आहे. पुतळीच्या निमित्ताने मुलांना कथा सांगावी, हा हेतूही बहुधा एकच असावा.

जपानी चित्रकलेने आपल्या कथाही परक्या मानल्या नाहीत. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी सिद्ध केलेला रामायणावरील जपानी शैलीचा चित्रपट 1993 सालचा आहे. 2025 च्या जानेवारीत तो भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला.

आता या व्यापाराचे स्वरूप पाहू. ओसाकाजवळ मोरिगुची येथे 1964 साली ‘काइयोदो’ हे प्रतिकृतींचे लहानसे दुकान निघाले आणि पुढे ते नामांकित निर्माते बनले. 1979 च्या ‘गुंडाम’ मालिकेतील यंत्रमानवांचे जुळणीसंच 1980 पासून विकले जाऊ लागले. ‘गुड स्माइल’ कंपनीची 2001 साली स्थापना झाली आणि मोठ्या डोक्याच्या छोट्या ‘नेंदोरोइद’ पुतळ्या तिने 2006 पासून काढल्या. तोक्योतील आकिहाबारा ही या वस्तूंची जगप्रसिद्ध पेठ युद्धोत्तर काळात रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार होती. सदर पत्रप्पा रस्त्यावर सुटे भाग धुंडाळणाऱ्या आपल्या अभियंत्यांना हे ऐकून आपुलकीच वाटेल.

किंमत एवढी का, तेही समजून घेऊ. मूळ शिल्प तज्ज्ञ कलावंत घडवितात, पात्राच्या हक्कांचे मानधन द्यावे लागते आणि पुष्कळदा आगाऊ मागणी पाहूनच मर्यादित नग काढले जातात. शिवाय भारताने खेळण्यांवरील आयातशुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 साली 70 टक्के केले.

या महागाईमुळे नकली माल फोफावला आहे. खोक्यावर ‘चीनमध्ये निर्मित’ असे छापलेले असले म्हणून वस्तू नकली ठरत नाही, कारण अस्सल पुतळ्याही पुष्कळदा तेथेच तयार होतात. निर्मात्याचे नाव आणि हक्कधारकाचा उल्लेख पाहावा. डोळ्यांच्या कडा, केसांची टोके आणि सांधे निरखावेत. रंग ओघळलेला असेल, उग्र वास येत असेल किंवा किंमत संशय यावा इतकी कमी असेल, तर वस्तू परत ठेवावी. आत काय आहे हे न सांगता विकल्या जाणाऱ्या बंद खोक्यांच्या बाबतीत मुलांना विशेष सावध करावे. हवी ती पुतळी मिळेपर्यंत खोकी घेत राहणे यात सोडतीची चटक आहे. घरी आणलेली पुतळी उन्हापासून दूर ठेवावी, अन्यथा रंग उडतो.

संग्रहाला विवेकाची जोड मिळाली, म्हणजे त्याची विद्या होते. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि दिवंगत पुत्र राजा याच्या नावाने संग्रहालय उभे केले. प्रत्येक वस्तू कोठली, कोणी घडविली आणि कशासाठी, हे प्रश्न ते विचारीत. आपल्या मुलांनाही हेच प्रश्न विचारण्याची सवय लावू या.

म्हणून माझी दोन विनम्र निवेदने आहेत. पहिले असे की मुले अशा दुकानात जातील तेव्हा वडीलधाऱ्यांनी सोबत जावे. 2025 च्या ऑगस्टपासून बोम्मसंद्र्याहून शहरात मेट्रोने जाता येते. त्या प्रवासात मुलाला त्या पात्राची कथा विचारावी आणि ती मराठीतून सांगावयास लावावे. खर्चाची मर्यादा आधी ठरवावी आणि ती दोघांनीही पाळावी.

दुसरे निवेदन मंडळाला. येत्या दिवाळीत मंडळाने जिंजीचा किल्ला रचावा. 2025 साली जागतिक वारसा म्हणून गौरविल्या गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत महाराष्ट्राबाहेरचा तो एकमेव आहे. छत्रपती राजाराममहाराज 1689 साली वेषांतर करून तिकडे निघाले, तेव्हा त्यांची वाट बंगळुरावरून गेली होती. त्या किल्ल्यावर आपले मावळे असावेतच. पायथ्याच्या गावात मुलांच्या जपानी पुतळ्या, चन्नपट्टणची लाखेची खेळणी आणि शेजाऱ्यांकडील गोंबेही मांडावीत. प्रत्येक मुलाने आपल्या पुतळीची कथा सभेपुढे मराठीत सांगावी आणि आजोबांनी त्याला मावळ्याची कथा सांगावी.

परमुलुखात भाषा टिकते ती परस्परांना काही सांगावेसे वाटते म्हणून. मुलांना सांगावेसे वाटणारे पुष्कळ आहे. ते ऐकण्यास आपण तत्पर राहू या, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.