आठ आठवड्यांनी येणारी तारीख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी देवणीचा. आमच्या गावाच्या नावाची गाय आणि बैल दूरवर प्रसिद्ध आहेत. बाजारात जनावर घेताना लोक दात बघतात, चाल बघतात, ठिपक्यांवरून वानेरा की शेवरा ते ओळखतात. आतड्यात काय चालले आहे, ते मात्र कुणाला दिसत नाही. माझेही तसेच होते.

कविसंमेलनाला गेलो की मी दाराजवळची खुर्ची धरायचो. आपली कविता झाली की हा पळतो, असे कविमित्र म्हणत. खरे कारण सांगायची लाज वाटे. दिवसातून बारा-पंधरा वेळा शौचाला जावे लागे, कधी रक्त पडे. काळजाबद्दल आम्ही कवी भरभरून बोलतो. आतड्याबद्दल कोण बोलणार?

आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. यात कुणाची चूक नव्हती. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा आजार इतके सारखे दिसतात, की दुर्बिणीने बघून, तुकडा काढून तपासला तरी अनेकदा फरक कळत नाही. आपल्याकडे क्षय जास्त, म्हणून डॉक्टर आधी त्याचा विचार करतात. क्रोन हे अमेरिकेतल्या एका डॉक्टरांचे नाव. त्यांनी दोन सहकाऱ्यांसह 1932 मध्ये या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. शरीराची राखण करणारी यंत्रणाच यात आपल्या आतड्यावर उलटते. कुंपणाने शेत खावे, तसे.

2016 चा उन्हाळा मी विसरणार नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या घरीही पाणी मोजून वापरायचे, आणि मला दर तासाला बादली लागायची. मी दुखणे दाबून बसून राही. बायकोने ते ओळखले. म्हणाली, "पानी की फिकर नक्को करो जी, तुम जाव." हंडा तिच्या डोक्यावर होता आणि ओझे माझ्या मनावर.

त्याच वर्षी उदगीरहून रेल्वेने हैदराबाद गाठले. तिथे आजाराचे नाव कळले आणि औषधाचेही: इन्फ्लिक्सिमॅब. अमेरिकेत 1998 मध्ये त्याला मान्यता मिळाली. भारतात तयार झालेले तसेच, तुलनेने स्वस्त औषध 2014 मध्ये आले. हे औषध म्हणजे प्रथिन. गिळले तर अन्नासारखे पोटातच पचून जाईल, म्हणून सलाईनमधून शिरेत सोडतात. पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. सुरू करण्याआधी छातीचा फोटो काढून आणि इतर तपासण्या करून क्षय पुन्हा तपासतात. कारण या औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते आणि अंगात झोपलेला क्षय जागा होऊ शकतो.

दोन तास थेंब मोजत पडून राहायचे. शेजारच्या खाटेवर कधी कॉलेजची मुलगी, कधी रिक्षावाला. तिथे कुणी लाजत नाही. "तुम्हाला दिवसातून किती वेळा?" हीच आमची ओळख. काही महिन्यांत मी संमेलनात पहिल्या रांगेत बसू लागलो.

आणि तिथेच चुकलो. 2019 मध्ये मुलीचे लग्न होते. हाताशी पैसे कमी, तब्येत उत्तम. मनात आले, बरा तर झालोय! लागोपाठ दोन तारखा चुकवल्या. लग्नाचे जेवण वाढता वाढता पोटात कळ आली, ती ओळखीची होती. पुन्हा सलाईन लावली तेव्हा अंगभर गांधी उठल्या, छाती भरून आली. सिस्टरने लगेच सलाईन थांबवली, इंजेक्शन दिले. डॉक्टर म्हणाले, "चाचा, मध्ये खंड पडला की शरीर या औषधालाच शत्रू समजायला लागतं." पुढचे डोस सावकाश देत, नशिबाने निभावले. अनेकांना त्यानंतर हे औषध कायमचे सोडावे लागते.

बरे वाटणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी असे शिकलो. हा आजार जात नाही, शांत राहतो. आणि तो शांत आहे तो त्या तारखेमुळे. पुढच्या वर्षी टाळेबंदीतही, डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवून, मी तारीख पाळली.

रमजानमध्ये मी रोजे ठेवत नाही. आजाऱ्याला कुराणातच सूट आहे. पूर्वी दार लावून जेवायचो. आता नातू विचारतो, "दादा, तुमचा रोजा नाही?" मी सांगतो, "बेटा, माझं आतडं आजारी आहे." एवढे वाक्य उच्चारायला मला कित्येक वर्षे लागली.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी 2020 मध्ये पद सोडताना आपल्या आतड्याच्या आजाराचे नाव जगासमोर घेतले. देशाच्या पंतप्रधानाला लाज वाटली नाही, मग आपण का लाजावे? श्रोतेहो, कित्येक आठवडे जुलाब थांबत नसतील, रक्त पडत असेल, तर मूळव्याध म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा. आणि औषधाची तारीख मिळाली, तर ती लग्नाच्या मुहूर्तासारखी पाळा.

नमस्कार. खुदा हाफिज.